सांगलीत खड्ड्यात मगर सोडली तर?

पेंटरचा पोर
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. जिलबी (म्हणजे फालतू धागा) वाटली तर तसं सांगा, निमूट गिळीन.

बादल नंजुंडस्वामी हे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. म्हैसूरचा चित्रकार, तिथल्याच चामराजेंद्र दृश्यकला अकादमीत शिकलेला, काही काळ जाहिरात कंपनीत नोकरी केलेला. जून २०१५ मध्ये बेंगळुरूच्या सुलतानपाळ्यात पाइपलाइन फुटून रस्त्यात बारा फुटी डबकं झालं होतं. महिना झाला तरी कुणी ढुंकून बघेना. ह्या गड्यानं त्यात मगर आणून ठेवली. खोटी, पण वीस किलोची, खऱ्या मापाची. खर्च सहा हजार, स्वतःच्या खिशातला. मगर देशभरच्या पेपरात झळकली आणि लगेच खड्ड्यावर माणसं कामाला लागली.

परवा हे आमच्या आण्णांना मोबाईलवर दाखवलं. आण्णा म्हणजे वडील. चाळीस वर्षं बोर्ड रंगवले त्यांनी. दुकानं, ट्रकची पाठ, निवडणुकीच्या भिंती (सगळ्या पक्षांच्या, पैसे फक्त निम्म्यांनी दिले). फ्लेक्स आला आणि ब्रश माळ्यावर गेले. आण्णांनी सगळं शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मगर ब्येस केलीय. पण आपल्याकडं कशाला? नदीत हाईत की."

हसलो, पण डोक्यातनं जाईना. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक खड्डा आहे. मागच्या पावसाळ्यात आई त्यात स्कूटीवरनं पडली, मनगट मोडलं. तक्रार घेऊन गेलो तर एका ऑफिसनं दुसऱ्याकडं बोट केलं, दुसऱ्यानं परत पहिल्याकडं. नावं घेत नाही, धागा उडायचा.

तर प्रश्न असा, की असलं काही आपल्या सांगलीत चालेल का? की आपण फोटो काढणार, स्टेटसला टाकणार, आणि खड्डा तिथंच?

तिरकस
चालेल की. मगरीबरोबर सेल्फी काढताना अजून चार जण खड्ड्यात पडतील.

बेंगळूरवासी सांगलीकर
धागा आवडला. नऊ वर्षं त्या शहरात राहतोय, म्हणून थोडी भर घालतो.

मगर हे त्याचं एकच काम नाही. त्याच्या आधी २०१४ मध्ये त्यानं उघड्या मॅनहोलभोवती यमराजाचं तोंड रंगवलं होतं, मॅनहोल म्हणजे वासलेला जबडा. २०१७ मध्ये भर शहरात खड्ड्यातल्या पाण्यात एक अभिनेत्री जलपरी होऊन बसली. आणि सप्टेंबर २०१९ चं ते 'चंद्रावर चालणं' तर तुम्हाला व्हॉट्सॲपवर किमान दहा जणांनी पाठवलं असेल. रात्रीची वेळ, अंतराळवीराचा पोशाख घातलेला माणूस हळूहळू पावलं टाकतोय, खाली विवरं. आपण म्हणतो, अरे वा, चंद्र! आणि तेवढ्यात बाजूनं रिक्षा जाते. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर उतरायला तेव्हा जेमतेम आठवडा राहिला होता, देश आकाशाकडं बघत होता. ह्यानं मान धरून खाली बघायला लावलं. तो रस्ताही लगेच दुरुस्त झाला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. दुरुस्त झाला तो तेवढाच रस्ता. त्याच्या पलीकडच्या वळणावर मी रोज आदळतच होतो.

भिलवडीची लेक
आण्णा बरोबर बोललेत आणि तुम्ही ते विनोदावारी नेलंत.

माझं माहेर भिलवडी. आमच्याकडं मगर हा चेष्टेचा विषय नाही हो. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, डिग्रज, ह्या पट्ट्यात कृष्णा नदीला मगरी आहेत हे पोरासोरांना माहीत असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की दुपारी मळीवर पडलेल्या दिसतात. धुणं घेऊन घाटावर जाणारी बाई आधी पाण्याकडं बघते, मग पायरीवर बसते. रात्री मोटर चालू करायला काठावर जाणारा माणूस बॅटरी आधी पाण्यावर मारतो. पोहायला शिकवताना आमच्या आजोबांनी पहिला धडा दिला तो पोहायचा नव्हता, कुठं उतरायचं नाही त्याचा होता.

बेंगळुरूकर मगर बघून हसले, कारण तिथल्या रस्त्यात मगर येणं अशक्य आहे. आमच्याकडं पुराच्या दिवसांत ती ओढ्यानं शेतात येते. खड्ड्यात मगर ठेवलीत तर कुणी हसणार नाही. लोक काठ्या घेऊन येतील.

तिरकस
@भिलवडीची लेक, वनखात्यालाही फोन जाईल. ते जाळी घेऊन येतील, खोटी मगर रीतसर पकडतील, पंचनामा करतील आणि नैसर्गिक अधिवासात सोडतील. खड्डा तेवढा राहील. (हलकेच घ्या.)

पेंटरचा पोर
ताई, पटलं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे चित्र उचलून आणता येतं, त्यातला चिमटा आणता येत नाही. मग सांगलीला चिमटा बसेल असं काय?

भडंगप्रेमी
खड्ड्याचा वाढदिवस! फ्लेक्स लावा. 'आमचे आधारस्तंभ, गल्लीचे भाग्यविधाते, मा. खड्डेरावजी यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: समस्त कंबर लचकलेले मित्रमंडळ'. खाली तीस जणांचे गॉगलवाले फोटो.

तिरकस
झालंय हो ते सगळीकडं. खड्ड्यात झाडं लावून झाली, होड्या सोडून झाल्या, पूजा घालून झाली. आता खड्डाही कॅमेरा बघून पोज देतो.

खडीक्रशर
मी ह्या क्षेत्रातून निवृत्त झालोय, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

डांबराचा वैरी एकच, पाणी. आपल्या भागात खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचा थर कितीही गुळगुळीत करा, खालून ती हलणारच. त्यात रस्त्याला मधून कडेकडं उतार दिलेला नसतो, दिला तर कडेला गटार नसतं, गटार असलं तर ते रस्त्यापेक्षा उंच असतं. पाणी साचतं, बारीक चिरेतनं आत जातं, खडीवरचं डांबर सोडवतं. मग वरून चाक गेलं की ते पाणी पिचकारीसारखं दाबानं आत-बाहेर होतं आणि एकेक खडी उडते. आठ दिवसांत बशीएवढ्या खड्ड्याची परात होते.

आता तुमच्या चित्रकाराबद्दल. बोभाटा झाला की जो खड्डा रातोरात बुजवतात तो कसा बुजवतात? मुरूम नाहीतर खडीची कच ओततात, वरून रोलरसुद्धा नाही, येणारे-जाणारे ट्रकच रोलर. खरं तर कडा चौकोनी कापायच्या, आतलं सुटं काढायचं, कोरडं करायचं, डांबराचा हात द्यायचा, मग माल भरून दाबायचा. त्याला वेळ लागतो आणि त्याचा फोटो चांगला येत नाही. पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो आणि खड्डा परत तोंड वासून बसतो.

तुम्हाला राजकारणावर चित्र काढायचं असेल तर खड्ड्यावर काढू नका. रस्त्याचं राजकारण एमबीत असतं, मोजमाप वहीत. किती जाडीचा थर लिहिला आणि किती पडला, काम कुणाचं, दोष दायित्वाची मुदत (तोवर बिघाड ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा) कधी संपते. खड्ड्याशेजारी एवढंच रंगवा: ठेकेदार, रक्कम, मुदत. मगरीपेक्षा जास्त भीती वाटेल.

काळा कोट
@खडीक्रशर यांना दंडवत. माहितीच्या अधिकारात हे सगळं मिळतं, फक्त अर्ज नेमका लिहा.

बाकी उत्साही कलाकारांसाठी सूचना. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. सार्वजनिक भिंतीवर विनापरवाना लिहिणं, रंगवणं, चिकटवणं ह्याला दंडही आहे आणि कैदही. तो फ्लेक्सवाल्या दादांना लागताना फारसा दिसत नाही, तुम्हाला मात्र लागेल. स्वतःच्या भिंतीवर, किंवा मालकाच्या लेखी परवानगीनं काढा.

आणि तुमच्या आईंच्या मनगटाबद्दल. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी भरपाई ठरवून दिली आहे: मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. उपचाराची कागदपत्रं सांभाळून ठेवा. व्यनि (खाजगी निरोप) करा, बोलू.

मिरजवाला
चर्चा छान चाललीय पण एक गोष्ट कुणी बोलेना म्हणून बोलतो. आपल्याकडं रस्त्यावरची कला नाही असं समजून सगळे लिहितायत. अहो, मिरजेच्या विसर्जनाच्या स्वागत कमानी काय आहेत मग? तीस-चाळीस फुटी चित्रं आमच्या पेंटर लोकांनी रंगवली. आण्णांना विचारा, त्यांनी एखाद्या कमानीला हात लावलाच असेल.

आणि रस्त्यावरचं चित्र काय करू शकतं हेही आम्हाला विचारा. २००९ च्या सप्टेंबरात कमानीवरच्या एका चित्रावरून मिरज पेटली. संचारबंदी लागली, लोण सांगली-इचलकरंजीपर्यंत गेलं. तेव्हा मी कॉलेजात होतो, आठवडाभर दुधाच्या पिशवीसाठी गल्लीबोळातनं जायचो. त्या दिवसांनंतर 'चित्रानं काय होतंय' असं कुणी म्हटलं की मी उठून जातो.

(ह्या विषयावर मला इथं वाद घालायचा नाही. कुणी सुरू केला तर उत्तर देणार नाही.)

पेंटरचा पोर
आण्णांना विचारलं. तीन कमानी केल्यात म्हणाले. त्या वर्षीची नव्हे. बाकी काही बोलले नाहीत.

रेघोट्या
उशिरा आले. साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवते, सासर सांगली.

मगरीचा मुद्दा भिलवडीच्या ताईंनी इतका नेमका मांडला की मला दुसरा एक चित्रकार आठवला. फ्रान्सिस अलीस. मूळचा बेल्जियमचा, शिक्षण वास्तुशास्त्राचं, १९८६ पासून मेक्सिको सिटीत. ह्याची कामं म्हणजे बहुतेक नुसतं चालणं. १९९७ मध्ये त्यानं बर्फाची लादी मेक्सिको सिटीच्या रस्त्यांतून ढकलत नेली, नऊ तासांहून जास्त, ती वितळून संपेपर्यंत. हातात काय उरलं? काहीच नाही. हमालाच्या दिवसाचं ह्याहून खरं चित्र मी पाहिलेलं नाही.

पण सांगायचं आहे ते २००४ च्या जेरुसलेमबद्दल. १९४८ च्या अरब-इस्रायल लढाईत शस्त्रसंधीची रेषा इस्रायली सेनाधिकारी मोशे दायान यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं मारली होती. नकाशा वीस हजारास एक अशा प्रमाणातला. म्हणजे पेन्सिलीची तीन-चार मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर साठ-ऐंशी मीटर रुंद होते. त्या रुंदीत माणसांची घरं, त्यांचं काय? अलीसनं हिरव्या रंगाच्या डब्याला भोक पाडलं आणि डबा हातात धरून शहराच्या हद्दीतल्या त्या रेषेवरून चालत गेला. चोवीस किलोमीटर, अठ्ठावन्न लिटर रंग. चौकीवरून, पोरांच्या घोळक्यातून, चढउतारावरून. रंग सांडत गेला. ना घोषणा, ना भाषण. नंतर ती फिल्म त्यानं दोन्ही बाजूंच्या लोकांना दाखवली आणि त्यांचं बोलणं तिच्याबरोबर ठेवलं. कामाच्या नावातच आहे, की कधी कधी काव्यमय काही केलं तर ते राजकीय होतं आणि कधी कधी उलटंही.

मी मुलांना हे शिकवते तेव्हा विचारते, तुमच्या गावात कागदावर कोणती रेघ आहे जी जमिनीवर दिसत नाही? साताऱ्यातली मुलं डोकं खाजवतात. सांगलीत विचारलं तर?

खडीक्रशर
पूररेषा.

रेघोट्या
तेच.

निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नकाशात आहेत. रस्त्यावर उभं राहून कुणाला दाखवता येतात?

भडंगप्रेमी
२००५, २०१९, २०२१. पंचवीस वर्षांतून एकदाचं गणित कुणाला सांगताय ताई.

बेंगळूरवासी सांगलीकर
अंगावर काटा आला. ऑगस्ट २०१९ मध्ये मी इथं बेंगळुरूत रात्र-रात्र फोन घेऊन बसलो होतो. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी मोजतात, इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला, हे आम्ही पाढ्यासारखं पाठ केलेलं. पाणी ५७ च्या वर गेलं. मारुती चौकातल्या घरातनं वडिलांचा शेवटचा मेसेज 'जिन्याच्या नवव्या पायरीला', मग दोन दिवस फोन बंद. सुखरूप होते. पण आजही घरी गेलो की जिना चढताना मी पायऱ्या मोजतो.

कोपऱ्यावरचं घर
सगळे भावनेच्या भरात लिहिताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमचा एक फ्लॅट आहे, विकायचा आहे, पोरीच्या शिक्षणासाठी. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "पाणी कुठवर आलतं?" आधीच भाव पडलेत. त्यात तुम्ही गावभर रंगाच्या रेघा मारत फिरणार, टाळ्या घेणार आणि घरी जाणार. आमच्या भिंतीवरची रेघ आम्हाला आयुष्यभर. कलेसाठी दुसऱ्याचं घर कशाला?

काळा कोट
@कोपऱ्यावरचं घर, तुमची अडचण खरी आहे. पण गिऱ्हाईक विचारतंय तेव्हा तुम्ही काय सांगता?

कोपऱ्यावरचं घर
खरं सांगतो. म्हणूनच विकला जात नाहीये.

तिरकस
पहिल्यांदाच ह्या धाग्यावर माझ्याकडं जोक नाही.

पाटबंधारे पंडित
मूळ कारण कर्नाटकातलं आलमट्टी धरण आहे हे कधी मान्य करणार? ५१९ मीटर असताना ही गत, तर उंची ५२४ वर गेल्यावर रेघा मारायला भिंती तरी उरतील का?

भडंगप्रेमी
आलमट्टी नाही, कोयनेचा विसर्ग आणि नदीपात्रातली बांधकामं. सोयीचं तेवढं बोलू नका.

पाटबंधारे पंडित
अभ्यास वाढवा.

भडंगप्रेमी
(प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक
आलमट्टीसाठी वेगळा धागा आहे, ६४० प्रतिसादांचा. तिकडं जावं. इथले बारा प्रतिसाद हलवले आहेत.

पेंटरचा पोर
तीन आठवड्यांनी येतोय, माफी असावी. झालं ते सांगतो.

रेघोट्या ताईंचा प्रतिसाद आण्णांना वाचून दाखवला. डब्याला भोक पाडून रंग सांडत चालला हे ऐकून ते कळवळले. अठ्ठावन्न लिटर! "रंग कितीला पडतो माहितेय का त्याला?" मग गप्प. संध्याकाळी मला म्हणाले, कपाट सरकव. आमच्या मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट २०१९ नंतर जागचं हललं नव्हतं. मागं भिंतीवर गाळाचा डाग होता, सरळ पाणसळीत मारल्यासारखा. बाकी घर आम्ही दोनदा रंगवलं, कपाटामागं कोण रंगवतंय. माझ्या छातीला लागत होता.

आता हा डाग आतल्या भिंतीवरनं बाहेर कसा न्यायचा? मी टेप घेऊन रस्त्यापासनं उंची मोजायला लागलो तर आण्णांनी वेड्यात काढलं. रस्त्याला उतार आहे, पाण्याला नसतो. शेजारच्या गवंडीमामांकडून लेव्हलची नळी आणली. पारदर्शक पाइप, पाणी भरलेला. एक टोक डागाशी धरायचं, दुसरं खिडकीतनं बाहेर, दोन्हीकडं पाणी आपोआप एका पातळीला येतं. तिथं खूण. तिथून पुढच्या घराला, तिथून त्याच्या पुढच्या. पुराचं पाणी कुठवर होतं ते नळीतल्या वाटीभर पाण्यानं दाखवलं. गल्लीतली पोरं नळी धरायला भांडत होती.

कोटसाहेबांनी सांगितल्याप्रमाणं आधी घरोघर विचारलं, कागदावर सह्या घेतल्या. एकोणीस घरांतनं चौदा हो म्हणाले. पाच जणांनी नको म्हटलं, त्यांच्या भिंतीला हात लावला नाही. निळीच्या पुडीचा रंग घ्यायचा की ऑइल पेंट ह्यावर आण्णांनी दोन दिवस घालवले, शेवटी ऑइल. सुतळीला खडू लावून ओळ मारली, दोन इंची पट्टी, खाली बारीक अक्षरात 'ऑगस्ट २०१९'. अक्षर म्हणाल तर हात थरथरतो आता, पण आकडे अजून छापल्यासारखे. गल्लीच्या एका टोकाला रेघ गुडघ्याला आहे, नदीकडच्या टोकाला माझ्या डोक्यावर. चालत गेलं की ती हळूहळू अंगावर चढते. मध्ये पाच ठिकाणी तुटते. रेघोट्या ताई, मला वाटलं होतं तुटल्यामुळं बिघडेल. उलट लोक तिथंच थांबतात.

खड्ड्याचं म्हणाल तर आहे तिथंच आहे. मुरूम पडला होता एकदा, खडीक्रशर काकांनी सांगितल्याप्रमाणं पहिल्याच पावसात वाहून गेला. माहितीचा अर्ज टाकलाय.

रेघोट्या
तुटलेल्या जागांचे फोटो टाका. घरं ओळखू येणार नाहीत असे. आणि आण्णांना माझा नमस्कार सांगा.

भिलवडीची लेक
आमच्या घाटावर मारायची का? नळी कुणाची वापरली? मिळेल का?

पेंटरचा पोर
मिळेल की ताई, गवंडीमामा आण्णांचे मित्र आहेत. पाइपात बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर पातळी चुकते.

कोपऱ्यावरचं घर
मी त्या गल्लीतनं काल मुद्दाम जाऊन आलो. नको म्हटलेल्या घरांशी तुम्ही रेघ थांबवलीत हे बघितलं. बरं वाटलं.

पेंटरचा पोर
दादा, आभार. एक सांगायचं राहिलं. काल सकाळी नको म्हणालेल्यांपैकी एक काकू दारात आल्या. आण्णांना म्हणाल्या, सगळ्या गल्लीला आहे आणि आमच्याच भिंतीला नाही, ते बरं दिसत नाही, मारा आमच्याकडं पण. आण्णा ब्रश घेऊन निघालेसुद्धा. तेवढ्यात काकू मागनं हाक मारून म्हणाल्या, "फक्त जरा खाली घ्या हां."